‘मार्सेलिस’ की ‘मार्से’? : एका ऐतिहासिक युरोपीय स्थलनामाचा इंग्रजी उच्चार आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी

गोषवारा

इतिहास, राज्यशास्त्र व इंग्रजी या विषयांच्या अध्यापनात युरोपीय स्थलनामांच्या उच्चाराचा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात मराठी वाचकास सर्वाधिक परिचित असलेल्या ‘मार्सेलिस’ या नावाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. एकाच नगराचे स्थानिक नाव, इंग्रजी नाव आणि मराठी नाव ही तीन स्वतंत्र भाषिक रूपे असून त्यांपैकी एकाच्या कसोटीवर दुसऱ्यास अशुद्ध ठरविणे योग्य नाही. मात्र इंग्रजीत बोलताना इंग्रजीचे रूप माहीत असणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्थलनाम, उच्चार, लिप्यंतर, मार्सेलिस, व्हर्साय, देवनागरी, मराठी माध्यम.

प्रस्तावना

दिनांक 8 जुलै 1910 रोजी सकाळी ‘मोरिया’ या आगबोटीच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकर यांनी समुद्रात उडी घेतली आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बंदराचे नाव मराठी घराघरांत पोहोचले. ते नाव म्हणजे ‘मार्सेलिस’ होय. चरित्रग्रंथ, शालेय निबंध, वक्तृत्वस्पर्धा, व्याख्यानमाला या सर्व ठिकाणी हेच रूप रूढ झाले. क्वचित ‘मार्सेल्स’ असेही छापलेले आढळते आणि अलीकडे ‘मार्सेय’ हे रूपही दिसू लागले आहे. परंतु सामान्य मराठी माणसाच्या ओठांवर ‘मार्सेलिस’च आहे.

हाच मराठी माणूस महाविद्यालयात येतो, इंग्रजी हा आवश्यक विषय घेतो, इतिहासाची इंग्रजी संदर्भपुस्तके चाळू लागतो आणि एखाद्या तासिकेस मोठ्याने वाचताना त्याच्या तोंडून सहजपणे ‘मार्सेलिस’ असा उच्चार निघतो. कोणीतरी हसते. कधी अध्यापक तत्काळ दुरुस्ती करतात, कधी अध्यापकांनाच खात्री नसते आणि वाक्य तसेच पुढे सरकते. भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशात या हसण्याचे मोल अधिक आहे. येथील विद्यार्थी घरी झाडीबोली बोलतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटल्याबद्दल शाळेत त्याला एकदा सुधारण्यात आलेले असते. प्रमाण मराठी साध्य करून तो महाविद्यालयात येतो, तेव्हा इंग्रजीच्या तासिकेत त्याला पुन्हा सुधारले जाते. दोनदा सुधारला गेलेला विद्यार्थी तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही, हा अनुभव ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकांस नवा नाही. म्हणून या विषयाकडे केवळ उच्चारशुद्धीचा छंद म्हणून पाहता येत नाही.

एका नगराची अनेक नावे

इसवी सनापूर्वी सुमारे 600 मध्ये आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील फोसिया या नगरातून आलेल्या ग्रीकांनी हे बंदर वसविले. त्यांनी त्यास ‘मस्सालिया’ म्हटले. रोमनांनी ‘मस्सिलिया’ केले. पुढे लॅटिनपासून निघालेल्या भाषांनी ते आपापल्या वळणावर नेले. इटालियन भाषेत ते ‘मार्सिल्या’ झाले, पोर्तुगीजमध्ये ‘मार्सेल्या’च्या जवळ जाणारे रूप रुजले, तर फ्रेंचमध्ये शेवटचा ‘ल’ विरघळून ‘य’ झाला आणि ‘मार्सेय’ हा उच्चार स्थिर झाला. उच्चारातून ‘ल’ गेला, पण लेखनात दोन ‘एल’ तसेच राहिले. घर सोडून गेलेल्या माणसाचे नाव दारावरच्या पाटीवर राहावे, तसा हा प्रकार आहे.

इंग्रजांनी हे नाव जुन्या फ्रेंच लेखनातून घेतले आणि शेवटी एक ‘एस’ जोडलेले रूप आपल्याकडे कायम ठेवले. ल्योन या नगराच्या बाबतीतही त्यांनी असेच केले. अनेक पिढ्यांपर्यंत इंग्रज ते नाव आपल्या अक्षरवाचनाच्या सवयीनुसार ‘मार्सेल्झ’ असे उच्चारीत असत आणि तो उच्चार त्या काळी इंग्रजीत अशुद्ध समजला जात नव्हता. विसाव्या शतकात फ्रेंच उच्चाराचे अनुकरण वाढत गेले, शेवटचा ‘एस’ लेखनातूनही गळू लागला आणि आज प्रमाण इंग्रजीत ‘मार्से’ हा उच्चार सर्वमान्य आहे. येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. फ्रान्सचे राष्ट्रगीत 1792 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे रूझे द लील याने रचले, पण मार्सेयहून पॅरिसला आलेल्या स्वयंसेवकांनी ते गात नेल्यामुळे त्यास या नगराचे नाव मिळाले. फ्रेंचमध्ये ते ‘मार्सेयेझ’ आहे. आज नगरास ‘मार्से’ म्हणणारे कित्येक इंग्रज या गीताच्या नावात मात्र ‘ल’ उच्चारून ‘मार्सलेझ’ म्हणतात. म्हणजे इंग्रजीलाही या नावाबाबत संपूर्ण सुसंगती साधलेली नाही.

इंग्रजीतील उच्चाराचे स्वरूप

‘मार्से’ असे देवनागरीत लिहिले म्हणजे इंग्रजी उच्चार पूर्णपणे सांगून झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. तीन गोष्टी देवनागरीतील या दोन अक्षरांत दिसत नाहीत. पहिली व सर्वांत महत्त्वाची गोष्ट आघाताची. इंग्रजीत या नावाचा आघात दुसऱ्या अवयवावर आहे. मराठी भाषक स्वभावतः दोन्ही अवयव सारख्या जोराने किंवा पहिला अवयव थोडा ठळक करून बोलतो. इंग्रज श्रोत्यास नाव ओळखू न येण्याचे कारण बहुधा स्वरव्यंजनांतील फरकापेक्षा आघातातील हा फरक असतो. दुसरी गोष्ट अशी की, अंत्य स्वर मराठीतील शुद्ध ‘ए’ नसून ‘ए’कडून ‘इ’कडे सरकणारा संयुक्त स्वर आहे. तो फ्रेंचमधील ‘य्’ नव्हे, पण त्याच्या जवळचा आहे. तिसरी गोष्ट ‘र’ची. प्रमाण ब्रिटिश उच्चारात येथे ‘र’ ऐकू येत नाही, केवळ ‘आ’ लांबतो. अमेरिकन उच्चारात तो ऐकू येतो. भारतीय इंग्रजीत ‘र’ उच्चारला जातो आणि त्यात काहीही वावगे नाही.

यावरून ‘इंग्रजीत शुद्ध’ याचा अर्थ ‘त्या गावचे लोक म्हणतात तसे’ असा होत नाही, ही बाब स्पष्ट व्हावी. फ्रेंचांचा घशातून निघणारा ‘र’ आणि अंत्य ‘य्’ इंग्रजी वाक्यात आणण्याचा प्रयत्न इंग्रज स्वतःही करीत नाहीत. वॉटर्लूचे उदाहरण याहून बोलके आहे. 18 जून 1815 रोजी ज्या बेल्जियन गावाजवळ नेपोलियनचा अंतिम पराभव झाला, त्या गावाचे नाव तेथील डच भाषेत ‘वाटर्लो’ असे, आरंभी आघात देऊन उच्चारले जाते. इंग्रजीत ते ‘वॉटर्लू’ असून आघात शेवटी आहे. इंग्रजीत बोलताना ‘वाटर्लो’ म्हणणारा मनुष्य अधिक शुद्ध ठरत नाही. तो केवळ अनाकलनीय ठरतो. पॅरिसचे उदाहरण तर रोजचे आहे. फ्रेंच माणूस ‘पारी’ म्हणतो, इंग्रज शेवटचा ‘स’ उच्चारतो, मराठी माणूसही उच्चारतो, आणि यावर आजवर कोणी वाद घातलेला नाही. म्युनिक, कोलोन, फ्लॉरेन्स, मॉस्को ही सर्व नावे तेथील रहिवाशांच्या मुखी वेगळी आहेत.

याउलट, स्थानिक उच्चाराकडे पूर्ण पाठ फिरवून केवळ अक्षरे वाचावीत, असाही इंग्रजीचा दंडक नाही. व्हर्साय हे त्याचे ठळक उदाहरण. त्यातही शेवटी ‘आय, एल, एल, ई, एस’ हीच अक्षरे आहेत. प्रमाण इंग्रजीत ते दुसऱ्या अवयवावर आघात देऊन, शेवटची अक्षरे गाळून, ‘साय’ असेच संपते. मात्र अमेरिकेतील केंटकी राज्यात याच अक्षरांनी लिहिले जाणारे एक गाव आहे आणि तेथील लोक त्यास ‘व्हर्सेल्स’ म्हणतात. त्या गावी जाऊन ‘व्हर्साय’ म्हणणारा चुकतो. नियम लेखनात नसून रूढीत असतो, याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

कानाने आलेली नावे व डोळ्याने आलेली नावे

येथे एक प्रश्न साहजिकपणे उद्भवतो. एकाच प्रकारे संपणाऱ्या दोन नावांपैकी मराठीने ‘व्हर्साय’ हे उच्चारानुसार आणि ‘मार्सेलिस’ हे अक्षरानुसार का स्वीकारले? 28 जून 1919 च्या तहाची माहिती देताना मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘व्हर्सायचा तह’ हेच रूप रूढ केले. ‘व्हर्सेलिसचा तह’ असे कोणी म्हणत नाही. याचे एक कारण असे संभवते की, इंग्रजी शिकविणाऱ्यांच्या तोंडी त्या काळी ‘व्हर्साय’ हा उच्चार आलेला होता, तर दुसऱ्या नावाचा इंग्रजी उच्चारच मुळी ‘ल’ व ‘झ’सह होता. ‘मार्सेल्झ’मधील जोडाक्षरान्त शेवट मराठी जिभेस अवघड, त्यात इंग्रजी लेखनातील ‘ई, एस’ समोर असल्याने मध्ये एक ‘इ’ शिरला असावा. असे असेल तर ‘मार्सेलिस’ हे निव्वळ अज्ञानातून झालेले रूप नव्हे. एका काळी इंग्रजीत शुद्ध असलेल्या उच्चाराची ती मराठी सावली आहे. इंग्रजीने पुढे आपला उच्चार बदलला, मराठीने बदलला नाही, इतकेच.

इंग्रजी शिक्षणाच्या पूर्वी मराठीत युरोपीय नावे आली ती प्रामुख्याने कानाने. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांचा उल्लेख करताना इंग्रज, फरासीस, वलंदेज, डिंगमार अशी नावे येतात. यांपैकी ‘वलंदेज’ म्हणजे डच. हॉलंडच्या रहिवाशास पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, तो कोकण किनाऱ्यावर ऐकला गेला आणि त्याचा ‘वलंदेज’ झाला. ‘डिंगमार’ म्हणजे डेन्मार्कचे लोक. तेथेही पोर्तुगीज उच्चारच मुळाशी आहे. ‘इंग्रज’ हा शब्दसुद्धा इंग्रजांनी दिलेला नसून पोर्तुगिजांकडून आलेला आहे. डचांनी 1637 मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी त्यांच्या देशाचे नाव नकाशावर वाचले नव्हते. त्यांनी ते ऐकले आणि आपल्या जिभेस रुचेल असे केले. त्या रूपांविषयी आज कोणास संकोच वाटत नाही. ‘वलंदेज’ हा शब्द वाचून कोणी अमात्यांची उच्चारदुरुस्ती करीत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा मार्ग बदलला. नकाशा, क्रमिक पुस्तक, वृत्तपत्र यांतून नावे छापील स्वरूपात आली, आणि तीही इंग्रजी लेखनात. जर्मन, पोलिश, फ्रेंच, डच ही सर्व नावे मराठी वाचकाने इंग्रजी अक्षरांच्या सवयीने वाचली. ‘वायमार’ हे त्याचे उदाहरण. 1919 च्या जर्मन प्रजासत्ताकाचे हे नाव जर्मन भाषेत व इंग्रजीतही ‘व्ह’ने सुरू होते, कारण जर्मनमधील ‘डब्ल्यू’चा उच्चार तसाच आहे. मराठीची स्वतःची पद्धत अशी की, इंग्रजी ‘व्ही’साठी ‘व्ह’ आणि ‘डब्ल्यू’साठी ‘व’. त्यामुळे आपण ‘व्हिएन्ना’, ‘व्हेनिस’, ‘व्हिक्टोरिया’ लिहितो आणि ‘वॉशिंग्टन’ लिहितो. हा भेद हिंदीत पाळला जात नाही. तेथे ‘वियना’ व ‘वर्साय’ आहे. मराठीने हा सूक्ष्म भेद जपला ही अभिमानाची गोष्ट आहे, पण तो कानाच्या आधारे लावला असता तर ‘व्हायमार’ लिहिले गेले असते. आपण अक्षराकडे पाहिले आणि ‘वायमार’ लिहिले. मार्टिन ल्यूथरला 1521 मध्ये ज्या ‘वर्म्स’च्या सभेपुढे उभे राहावे लागले, त्या नावाचीही हीच कथा आहे. इंग्रजी शब्दकोश तेथे ‘व्ह’ने आरंभ होणारा उच्चार देतात आणि ‘व’ने आरंभ होणाराही देतात. दुसऱ्या उच्चाराने इंग्रजी वाचकास किडे आठवतात आणि शाळकरी मुलांस पिढ्यान्‌पिढ्या विनोदाचे साधन मिळते.

देवनागरीचा पेच

रोमन लिपीत लिहिणाऱ्यास उच्चाराचा निर्णय लांबणीवर टाकता येतो. इंग्रज लेखक मूळ लेखन जसेच्या तसे उतरवितो; त्याचा वाचक ते कसे उच्चारील हा वाचकाचा प्रश्न असतो. ग्रंथ लिहून पूर्ण होतो, लेखकास त्या गावाचे नाव कसे म्हणावे हे ठाऊक नसले तरी अडत नाही. देवनागरीत ही सोय नाही. येथे लिहिणे म्हणजेच उच्चारणे होय. पहिले अक्षर उमटविण्यापूर्वीच लेखकास ‘व’ की ‘व्ह’, ‘च’ की ‘श’, ‘ए’ की ‘आय’ हे ठरवावे लागते. ठरविण्यात चूक झाली तर ती छापील स्वरूपात पुढच्या पिढीकडे जाते आणि रूढ होते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशाचे कार्य नागपूर येथे आरंभिले, त्या वेळी या पेचाचे स्वरूप किती व्यावहारिक आहे, याची कल्पना येऊ शकते. कोशातील नोंदी देवनागरी वर्णक्रमाने लावावयाच्या असतात. एखाद्या परकीय नगराचा उच्चार ठरल्याखेरीज त्याची नोंद कोणत्या खंडात जाईल, हेच ठरत नाही. वाईहून 1976 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशापुढेही हाच प्रश्न होता. पुढे 6 नोव्हेंबर 2009 च्या शासननिर्णयाने प्रमाण मराठी वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ या स्वरांना अधिकृत स्थान मिळाले. इंग्रजीतून येणाऱ्या नावांच्या लेखनास त्याची मदत झाली, पण आघाताची उणीव कोणत्याही वर्णमालेने भरून निघणारी नाही.

या पेचाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मराठी पाठ्यपुस्तकात ‘व्हर्साय’ शिकलेला विद्यार्थी इंग्रजी पुस्तकातील ते लेखन पाहतो, तेव्हा त्यास ते ओळखीचे वाटत नाही. आपण जे शिकलो तेच हे, याचा बोध त्याला होत नाही. तहाच्या अटी त्याला पाठ असतात. जर्मनीवर लादलेली युद्धखंडणी, सैन्यावरील मर्यादा, राष्ट्रसंघाची स्थापना हे सर्व तो सांगू शकतो. भारताच्या वतीने त्या तहावर एडविन माँटेग्यू व बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी स्वाक्षऱ्या केल्या, हेही एखाद्यास ठाऊक असते. परंतु इंग्रजी ग्रंथाच्या सूचीत हे नाव ‘व्ही, ई, आर’खाली शोधावयाचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. याउलट अक्षरानुसारी ‘मार्सेलिस’ शिकलेला विद्यार्थी सूचीत ते नाव सहज शोधतो, आणि मोठ्याने वाचताना फसतो. कानाने आलेले नाव वाचताना अडवते आणि डोळ्याने आलेले नाव बोलताना अडवते.

उलट दिशेचा प्रवास

युरोपीय नावांची मराठीत झालेली ही स्थिती पाहून न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही, कारण मराठी नावांची इंग्रजीत झालेली स्थिती याहून निराळी नाही. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन हा 1803 मध्ये आर्थर वेलस्ली या नावाने दख्खनमध्ये लढत होता. त्याची 23 सप्टेंबरची लढाई असई येथे आणि 29 नोव्हेंबरची अडगाव येथे झाली. नागपूरकर भोसल्यांना 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावचा तह करावा लागला. भंडारा परिसर तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. इंग्रजी इतिहासग्रंथांत मात्र अडगावचे ‘आर्गॉम’सारखे वाचले जाणारे रूप झाले, तर असईचे लेखन असे झाले की, ते वाचून मराठी विद्यार्थ्यास जालना जिल्ह्यातील गाव आठवत नाही.

‘गाव’चे ‘गॉम’ कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वीच्या मराठीत व कोकणीत हा शब्द अनुनासिक होता. पोर्तुगीज लेखनपद्धतीत शब्दाच्या शेवटी येणारा ‘एम’ हा अनुनासिकाची खूण असतो. तो ओठ मिटून उच्चारावयाचा नसतो. पोर्तुगीज वाचकाने ते बरोबर वाचले असते. इंग्रज वाचकाने तो ‘एम’ आपल्या भाषेतला समजून उच्चारला आणि बेळगावचे ‘बेलगॉम’ झाले. वसईच्या बाबतीत तेच घडले. पोर्तुगिजांनी तिचे नाव अनुनासिकाची खूण म्हणून शेवटी ‘एम’ घालून लिहिले. इंग्रजांनी त्याचे ‘बॅसीन’ केले. 31 डिसेंबर 1802 चा वसईचा तह इंग्रजी ग्रंथात ‘बॅसीन’चा तह म्हणून भेटतो, आणि मराठी विद्यार्थ्यास आपल्याच इतिहासातील नाव परके वाटते. एका भाषेचे लेखन दुसऱ्या भाषेच्या नियमांनी वाचले गेले, हेच ‘बेलगॉम’चे कारण आहे आणि ‘मार्सेलिस’चेही. इंग्रजांनी केले ते ‘आंग्लीकरण’ आणि आपण केले ती ‘चूक’, असा भेद करण्यास भाषाशास्त्रात आधार नाही.

या दोन्ही प्रवासांची गाठ 1914 मध्ये एकाच ठिकाणी पडली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पाठविलेल्या भारतीय सैन्याची पहिली तुकडी 26 सप्टेंबर 1914 रोजी मार्सेयच्याच धक्क्यावर उतरली. त्या लाहोर डिव्हिजनमध्ये पुण्याजवळच्या खडकी येथील सॅपर्स व मायनर्स दलाच्या 20 व 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. खडकीचे नाव इंग्रजांनी ‘किर्की’ केलेले होते. ज्यांच्या छावणीचे नाव साहेबास म्हणता येत नव्हते, असे हे सैनिक ज्या गावाची नावे त्यांना स्वतःला म्हणता येत नव्हती तेथे लढावयास गेले. 28 ऑक्टोबर 1914 रोजी ‘नव शापेल’ या गावी झालेल्या हल्ल्यात या दोन कंपन्यांची भयंकर हानी झाली. त्या गावी 1927 मध्ये उभारलेल्या भारतीय स्मारकावर 4,700 हून अधिक नावे कोरलेली आहेत. मराठी लेखनात या गावाचे नाव ‘न्यूव्ह चॅपेल’ असे आढळते, कारण फ्रेंच ‘सीएच’चा उच्चार ‘श’ होतो, हे लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हते. याच लढायांतील बेल्जियन नगर ‘ईपर’ ब्रिटिश सैनिकांनाही साधले नाही. त्याचे फ्रेंच लेखन पाहून त्यांनी सरळ ‘वायपर्स’ म्हणण्यास सुरुवात केली, आणि खंदकातून 1916 मध्ये काढलेल्या आपल्या विनोदी पत्रासही तेच नाव दिले. राज्यकर्त्यांच्या सैनिकांचा उच्चारदोष अशा रीतीने साहित्याच्या इतिहासात दाखल झाला. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याचा दोष मात्र गुणपत्रिकेत दाखल होतो.

अध्यापनातील व्यवहार

वरील विवेचनावरून ‘मार्सेलिस’ हे रूप मराठीतून काढून टाकावे, असे म्हणण्याचे कारण दिसत नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या वापराने ते मराठी नाव झाले आहे. मराठीत व्याख्यान देताना ‘मार्से’ म्हटले तर श्रोते क्षणभर थबकतील. त्यांना कोणती उडी हे कळणार नाही. प्रसंगाशी नाव जोडलेले असते आणि प्रसंग मराठीत ‘मार्सेलिस’ला घडला आहे. सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला तो परकीय शब्दांना मराठी प्रतिशब्द देण्यासाठी. गावाच्या नावास प्रतिशब्द देता येत नाही, त्यास केवळ आपल्या भाषेत वागविता येते.

परंतु इंग्रजीत बोलताना हेच रूप वापरले तर ते मराठीचे नाव इंग्रजीत घुसविणे ठरेल. मौखिक परीक्षेत, चर्चासत्रात, मुलाखतीत ‘मार्से’ हा उच्चार अपेक्षित असतो आणि तो विद्यार्थ्यास माहीत करून देणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे. ही दुरुस्ती कशी केली जाते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘चुकले, मार्से म्हण’ असे सांगण्यात आणि ‘मराठीत मार्सेलिस, इंग्रजीत मार्से, फ्रेंचांच्या तोंडी मार्सेय’ असे सांगण्यात वेळेचा फरक काही क्षणांचा आहे. पहिल्यात विद्यार्थ्याने आजवर शिकलेले खोटे ठरते. दुसऱ्यात त्याच्याजवळ असलेल्या एका नावात दोन नावांची भर पडते.

फळ्यावर देवनागरी रूपाशेजारी रोमन लेखन लिहिण्याची सवय याच कारणासाठी उपयुक्त आहे. ती इतिहासाच्या अध्यापकाने लावून घ्यावी, इंग्रजीच्या अध्यापकावर सोपवू नये. ‘व्हर्साय’ शिकविला जातो तो इतिहासाच्या तासिकेत, आणि ते नाव इंग्रजी ग्रंथात शोधण्याची वेळ येते तेव्हा इंग्रजीचा अध्यापक जवळ नसतो. नावाचा इंग्रजी उच्चार ठरविताना अंदाज बांधण्यापेक्षा उच्चारकोश पाहणे श्रेयस्कर. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश 1917 पासून आणि जे. सी. वेल्स यांचा 1990 पासून उपलब्ध आहे. दोन्हींत स्थलनामे आहेत, आणि जेथे एकाहून अधिक उच्चार मान्य आहेत तेथे ते सर्व दिलेले आहेत. आता ध्वनिमुद्रित उच्चारही मोबाइलवर ऐकता येतात. मात्र तेथे ऐकू येतो तो फ्रेंच माणसाचा उच्चार की इंग्रजाचा, हे आधी पाहून घ्यावे लागते. अन्यथा विद्यार्थी इंग्रजी वाक्यात घशातला ‘र’ घेऊन येईल.

ज्या नावांना मराठीत अद्याप रूढ रूप नाही, त्यांच्या बाबतीत अध्यापकास अधिक स्वातंत्र्य आहे आणि अधिक जबाबदारीही. मार्सेयमध्ये माझार्ग येथे युद्धकाळातील भारतीय सैनिकांचे स्मारक व दफनभूमी आहे. या नावाच्या शेवटी असलेली ‘जी, यू, ई, एस’ ही अक्षरे पाहून ‘माझार्ग्युस’ असे एकदा छापले गेले, तर पुढील शंभर वर्षे तेच टिकेल. येथे कानाचा मार्ग अद्याप मोकळा आहे. मराठीत लिहावयाचे असल्यास ‘माझार्ग’ लिहावे.

शहापूर हे नाव या संदर्भात सहज आठवते. भंडाऱ्याजवळचे शहापूर, ठाणे जिल्ह्यातील शहापूर, बेळगावचे शहापूर ही सर्व एकाच नावाची. हिंदी भाषक प्रवासी तेच नाव ‘शाहपुर’ असे, मधला स्वर गाळून उच्चारतो. गावकरी त्यास रस्ता दाखवितात, उच्चार सुधारीत नाहीत. तो आपल्या भाषेत बोलत आहे, हे त्यांना कळते. त्याच गावचा विद्यार्थी हिंदीत बोलू लागला की स्वतःही कधी ‘शाहपुर’ म्हणून जातो, आणि घरी परतल्यावर पुन्हा ‘शहापूर’.